दहा हजार ड्रमांचा सामना

क्रांतीची आणि अंकुशची पहिली भेट टेबलाखाली झाली, आणि तीही चांगली वीस मिनिटं.

झालं असं. सत्त्याण्णव सालच्या जानेवारीत, एका सोमवारी, क्रांती बोनकोड्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला लागली. कंपनी म्हणजे पोपटशेठच्या नव्या बिल्डिंगचा तळमजल्यावरचा एक गाळा. उजवीकडे पिठाची गिरणी, डावीकडे सिमेंटच्या पत्र्यांचं दुकान, आणि मधोमध पाच कॉम्प्युटर. शेठची जमीन नव्या शहरासाठी सरकारनं घेतली होती, बदल्यात प्लॉट मिळाला होता, प्लॉटवर चार मजले चढले होते. पुण्याचा जावई म्हणाला, आता कॉम्प्युटरचे दिवस आहेत. शेठनी कॉम्प्युटर आणले. जावई पुण्यालाच राहिला.

शटर गंजलेलं. ते पूर्ण वर करायला दोन माणसं लागायची, म्हणून सगळे वाकूनच आत शिरायचे. क्रांतीही वाकली, आत शिरली, सरळ झाली, आणि तिची ओढणी कशाततरी अडकली. तिनं हिसका दिला. टण्णकन काहीतरी उडालं. पाचही कॉम्प्युटरवरचे लोक एकाच वेळी "अर्रर्र" म्हणाले.

"कुणीही हलू नका!" कोपऱ्यातून आवाज आला.

त्या काळी सगळे कॉम्प्युटर एकाच काळ्या केबलमध्ये मण्यांसारखे ओवलेले असायचे, आणि केबलच्या टोकाला अंगठ्याच्या पेराएवढं एक टोपण असायचं. ते निघालं की सगळ्यांचं काम ठप्प. क्रांतीनं नोकरीच्या पहिल्या मिनिटात अख्खी कंपनी बंद पाडली होती.

ती टेबलाखाली शिरली. समोरून एक चष्मेवाला मुलगा रांगत आला. त्याच्या केसांवर गिरणीचं पीठ होतं.

"ताई, तुम्ही डावीकडे बघा, मी उजवीकडे बघतो."

"ताई कुणाला म्हणता?"

"तसं नाही... म्हणजे... मॅडम."

"वयानं तुम्हीच मोठे दिसता. केस पिकलेत."

त्यानं डोक्यावरून हात फिरवला, तळहात पांढरा झाला, आणि तो इतका लाजला की टोपण त्याच्या गुडघ्याखालीच आहे हे कळायला आणखी पंधरा मिनिटं लागली. खरं तर क्रांतीला ते पाचव्या मिनिटालाच दिसलं होतं. पण तोवर तो विचारत होता की घणसोलीहून येता का, चालत येता की बसनं, आणि चालत येत असाल तर खाडीच्या बाजूनं येऊ नका, तिकडं कुत्री आहेत. इतकं जपून बोलणारं माणूस तिनं बघितलं नव्हतं. मग कशाला सांगायचं टोपण कुठं आहे ते?

त्या मुलाचं नाव अंकुश.

पुढचे महिने कसे गेले ते सांगायला फार काही नाही, आणि सगळंच आहे. सकाळी आल्यावर कीबोर्डवर ज्वारीच्या पिठाचा हलका थर असायचा. क्रांती यायच्या आधी कुणीतरी तिचा कीबोर्ड पुसून ठेवायचं. कुणी ते विचारलं की अंकुश मान खाली घालून स्वतःचा पुसायला लागायचा. दुपारी वारा फिरला की तळोज्याच्या कारखान्यांकडून तो गोडसर, डोकं चढवणारा केमिकलचा वास यायचा. मग गिरजाबाई, म्हणजे चहा करणाऱ्या आणि झाडू मारणाऱ्या, आणि दोन्ही कामांत सगळ्यांना बोल लावणाऱ्या बाई, नाकाला पदर लावून म्हणायच्या, "आला गो तुमचा तलोज्याचा सेंट."

त्या वासानं अंकुश गप्प व्हायचा. त्याचे वडील, धर्मराज, तळोज्याच्याच एका कारखान्यात बावीस वर्षं होते. तो कारखाना मागच्या वर्षी बंद पडला. तेव्हापासून ते घरीच होते. रोज सकाळी सहाला उठायचे, दाढी करायचे, ड्यूटीचे बूट पॉलिश करायचे, आणि दाराशी ठेवून द्यायचे.

"घालतात का मग ते?" क्रांतीनं एकदा विचारलं होतं.

"नाही. नुसते पॉलिश करतात."

तेवढं बोलून अंकुश डब्यात बघत राहिला होता.

सप्टेंबरात पोपटशेठना मोठं काम मिळालं. तळोज्यातल्या एका केमिकल कंपनीला गोदामातल्या ड्रमांचा हिशेब कॉम्प्युटरवर हवा होता. कुठला ड्रम कुठं, कधी आला, कधी फुटेल, सगळं. दहा हजार ड्रम. एवढंच असतं तर बरं होतं. पण त्यांनी पत्रात विचारलं होतं की तुमचा प्रोग्रॅम डेटाबेसशी कुठल्या पद्धतीनं जोडणार ते आधी कळवा.

शेठनी ते पत्र तीनदा वाचलं. एकदा उलटं धरून.

"यो जोडनार म्हंजे काय रं?"

अंकुशनं समजावलं. माहिती एका खोलीत असते, प्रोग्रॅम दुसऱ्या खोलीत. मधे रस्ता लागतो. रस्ते दोन आहेत. एक जुना, त्याला डीएओ म्हणतात. एक नवा, आरडीओ.

"मंग नवा घ्या."

"जुना भरवशाचा आहे, शेठ," क्रांती म्हणाली.

"मंग जुना घ्या."

"पण नवा फास्ट आहे," अंकुश म्हणाला.

शेठनी जावयाला फोन लावला. जावयानं पुण्याहून चौदा पानांचा फॅक्स पाठवला. त्यात दोन्ही पद्धती उत्तम आहेत, दोन्हींत धोके आहेत, आणि तिसरीही एक येऊ घातली आहे असं लिहिलं होतं. फॅक्सचा कागद संपला तेव्हा कुठं जावई थांबला.

जेवणाच्या सुट्टीत क्रांती आणि अंकुश शेजारच्या दुकानाच्या सिमेंटच्या पत्र्यांवर बसून डबा खायचे. पत्रे दुपारी तापलेले असायचे, म्हणून अंकुश आधी जाऊन तिच्या जागेवर जुना पेपर घालायचा. स्वतः चटके सोसायचा.

"तुझं डीएओ म्हणजे ना, मधला मामा," तो म्हणाला. एव्हाना ते अरेतुरेवर आले होते. "प्रोग्रॅमनं मामाला सांगायचं, मामानं डेटाबेसला सांगायचं, त्यानं परत मामाला..."

"मामा असला की भांडणं होत नाहीत."

"आणि माझं आरडीओ? थेट! दारावर थाप मारली, काय ते सांगितलं, मोकळं."

"अस्सं." क्रांतीनं डब्याचं झाकण हळूच लावलं. "थेट आवडतं वाटतं तुला?"

"कामात... हो."

"आणि कामाबाहेर?"

अंकुशच्या हातातला चपातीचा तुकडा तोंडापर्यंत जाऊन परत आला. कान लाल झाले. गिरणीचा पट्टा धडधडत होता, आणि क्रांतीला वाटलं, आता बोलेल... आता बोलेलच...

"कामाबाहेर..." तो म्हणाला, "लोणचं देतेस जरा?"

तिनं लोणचं दिलं. दुसरं काय करणार?

इकडं पोपटशेठनी निकाल कसा लावायचा ते ठरवलं होतं. शेठ तरुणपणी कबड्डीचे पंच होते. पंचक्रोशीत त्यांची शिट्टी गाजलेली. धंद्यातले सगळे निर्णय ते सामना लावूनच घ्यायचे. ऑफिसचा पंखा निवडताना त्यांनी दोन पंख्यांखाली दोन ओले टॉवेल टांगले होते, आणि ज्याचा आधी वाळला तो पंखा घेतला होता. चहावाला निवडताना दोघांना मैदानाच्या टोकाकडून भरलेले ग्लास घेऊन पळवलं होतं. जिंकला तो चहावाला चांगला पळायचा. चहा भयंकर करायचा. म्हणून तर गिरजाबाई आल्या.

"मना तुमचं इंग्रजी कलत नाय," शेठ म्हणाले. "शिट्टी कलते. दोन मशीनी शेजारी ठेवा. दहा हजार ड्रम पलवा. जो आधी पलवील तो आपला रस्ता."

आणि मग, जाता जाता, चपला घालता घालता, ते आणखी एक वाक्य बोलले.

"आनि आयका. त्यांचा मस्कतला पन कारखाना हाय. यो नवा रस्ता आला तर तिकडं कोनाला येत नाय. मंग अंकुशला धाडनार. दोन वर्सं. जुना आला तर त्यांची मानसं त्यांची बगतील."

शेठ गेले. पंखा फिरत राहिला. क्रांतीनं स्क्रीनवरची एकच ओळ चार वेळा वाचली.

म्हणजे तिचं डीएओ जिंकलं, तर अंकुश राहणार. अंकुशचं आरडीओ जिंकलं, तर अंकुश जाणार.

तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी दोघं बस स्टॉपपर्यंत चालत आले. रस्त्याच्या एका बाजूला अर्धवट बिल्डिंगा, दुसऱ्या बाजूला खारट वाऱ्याची रिकामी जमीन.

"तुला जायचंय?" तिनं विचारलं.

"बाबांना फार वाटतं. त्यांनी आळीत सांगून टाकलंय. मिठाईवाल्याला पण."

"मी तुझं विचारलं."

अंकुशनं बॅगेची चेन उघडली. बंद केली. परत उघडली. "पासपोर्ट आला कालच," तो म्हणाला.

बस आली. क्रांती चढली. कसला थेट, तिच्या मनात आलं, याला स्वतःच्या मनापर्यंत जायलासुद्धा दोन बस बदलाव्या लागतात.

सामन्याचा दिवस उजाडला तो नोव्हेंबरातला शनिवार. गाळ्याबाहेर तीस माणसं जमली होती. गिरणीवाला, पत्रेवाला, आणि कबड्डीच्या संघातली दांडगी पोरं. ती पोरं कॉम्प्युटरकडं अशी बघत होती जणू तो आता "कबड्डी, कबड्डी" म्हणणार आहे. शेठ पांढऱ्या शुभ्र कपड्यांत. गळ्यात शिट्टी, हातात स्टॉपवॉच.

शिट्टी वाजली. दोघांनी एकदम एन्टर मारला. आणि त्याच क्षणी वरच्या मजल्यावर कुणीतरी पाण्याचा पंप सुरू केला. दिवे मिणमिणले, पंखा थांबला, दोन्ही कॉम्प्युटर काळे पडले.

शेठनी दोन्ही हात वर केले. "दोनी बाद!"

मग वादावादी. गिरणीवाला म्हणाला, पोराची मशीन नवी आहे, हा अन्याय आहे. पत्रेवाला म्हणाला, पोरीची खुर्ची उंच आहे. शेठनी नियम काढला की पुढच्या शनिवारी परत सामना, आणि कबड्डीत बाजू बदलतात तशी बाजू बदलायची. अंकुशचा प्रोग्रॅम क्रांतीच्या मशीनवर चालेल, क्रांतीचा अंकुशच्या. शुक्रवारी दोघांनी आपापली फ्लॉपी समोरच्याला द्यायची. आणि शनिवारी दहा ते बारा बिल्डिंगमध्ये जो पंप चालू करेल त्याचे पाय तोडण्यात येतील.

शुक्रवारी दुपारी अंकुशनं आपली फ्लॉपी क्रांतीच्या टेबलावर ठेवली.

"घे. चालवून बघायची काही गरज नाही. ठीक आहे सगळं."

"घाबरलास की काय?"

"मी? छे." तो हसला. गेल्या महिनाभरात पहिल्यांदाच इतका मोकळा हसला. "उद्या तूच जिंकशील बघ."

"खोटी स्तुती करू नकोस. परत लोणचं हवंय का?"

"नाही," अंकुश तिच्याकडं बघत म्हणाला, "आता... बरेच दिवस खायचंय ते."

आणि तो मेडिकलच्या कागदांसाठी ठाण्याला निघून गेला. क्रांती किती तरी वेळ त्या रिकाम्या शटरकडं बघत बसली. हे काय बोलून गेला हा?

मग तिनं फ्लॉपी घातली. चालवून बघू नको म्हटल्यावर न चालवणारी मुलगी अजून जन्माला यायची होती. तिनं दहा हजारांऐवजी फक्त शंभर ड्रम घेतले आणि सुरू केलं. वाट बघितली. आणखी बघितली. शंभर ड्रमांनाच इतका वेळ? तिनं आतला कोड उघडला, आणि कपाळाला हात लावला.

डेटाबेसचं दार उघडण्याची ओळ त्यानं चुकीच्या जागी लिहिली होती. ती ओळ एकदाच, सुरुवातीला हवी. दार उघडायचं, दहा हजार ड्रम मोजायचे, दार लावायचं. अंकुशनं ती दर ड्रमागणिक फिरणाऱ्या फेऱ्याच्या आत घातली होती. म्हणजे दार उघडा, एक ड्रम मोजा, दार लावा. परत उघडा, दुसरा ड्रम मोजा, लावा. जणू गंजलेलं शटर दहा हजार वेळा वर-खाली करायचं, आणि दर वेळी एकच फाइल बाहेर आणायची. असली चूक तीन महिन्यांचा कोर्स केलेलं पोरगंही करत नाही.

पासपोर्टच्या धावपळीत डोकं ठिकाणावर नाही बिचाऱ्याचं, असं तिला वाटलं. आणि मग तिला काय वाटलं ते सांगायलाच हवं, कारण ती काही देवी नव्हती. तिला आनंद झाला. इतका आनंद झाला की ती खुर्चीवरून उठली, दारापर्यंत गेली, परत आली. तिला काही करायचंच नव्हतं! खोटं बोलायचं नव्हतं, लबाडी करायची नव्हती. नुसतं गप्प बसायचं होतं. उद्या अकरा वाजता अंकुश हरणार, आणि राहणार. पेपर घालणार. पीठ पुसणार. कधीतरी, वर्षभरात का होईना, बोलणार.

"काय गो, लग्न ठरलं का काय तुजं?" गिरजाबाईंनी चहा ठेवत विचारलं. "गालातच हसतंस."

"काही नाही हो."

"मना शिकवतंस? आता दारूडा नवरा पदरी हाय, म्हनून काय मी कवा अशी हसले नाय?"

क्रांती खरंच हसली. आणि तेवढ्यात शटरखालून एक माणूस वाकून आत आला. सरळ झाला. इस्त्रीचा शर्ट, पातळ झालेले केस, आणि पायात आरशासारखे चमकणारे काळे बूट.

तिनं त्यांना बुटांवरून ओळखलं.

"अंकुश हाये का?"

"ठाण्याला गेलाय, काका. बसा ना."

"बसत नाही." धर्मराज उभेच राहिले. इकडं तिकडं, कॉम्प्युटरकडं, पंख्याकडं बघत राहिले. "हिथं बसतो का त्यो? या खुर्चीवर?" त्यांनी खुर्चीच्या पाठीला दोन बोटं लावली. "बरं झालं तूच भेटलीस, पोरी. त्याला विचारलं तर त्यो काही सांगत नाही. मला एक सांग, मस्कतला थंडी असती का?"

"थंडी? नाही... तिकडं वाळवंट आहे. उकाडाच असतो."

"रात्री पडत आसल की. वाळवंटात रात्री पडती म्हणतात." त्यांनी पिशवीतून एक राखाडी स्वेटर बाहेर काढला. दुकानाचं लेबल तसंच होतं. "घेऊन ठेवला. नवाच हाये. बावीस वर्सं मी दुसऱ्याचा माल गेटच्या बाहेर जाताना बघितला बघ. ह्या देशाला, त्या देशाला. म्हनलं, एकदा आपलं कायतरी जाऊ दे."

त्यांनी स्वेटरची घडी परत घातली, एकदा, दोनदा, कोपऱ्याला कोपरा जुळेपर्यंत.

"उद्या म्हनं सामना हाये. जिंकल ना त्यो?"

क्रांतीच्या हातातला चहा गार झाला होता. वरती साय धरली होती.

"जिंकेल, काका," ती म्हणाली.

ते गेल्यावर तिनं ती ओळ निवडली, फेऱ्याच्या आतून उचलली, आणि वर नेऊन ठेवली. दोन सेकंदांचं काम. मग फ्लॉपीवर सेव्ह केलं. फ्लॉपी बराच वेळ कुरकुरत होती.

शनिवारी शिट्टी वाजली. चार मजल्यांवर पाण्याचा थेंब नव्हता. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ साबण लावलेल्या अंगानं गॅलरीत उभं राहून सामना बघत होते. अंकुश निवांत होता. एका मांडीवर दुसरी मांडी टाकून भडंग खात होता. क्रांतीचा प्रोग्रॅम त्याच्यासमोर संथ चालला होता. दोन हजार, अडीच हजार...

बावन्नाव्या सेकंदाला क्रांतीच्या टेबलावरून बीप वाजला. अंकुशचे दहा हजार ड्रम पूर्ण.

कबड्डीची पोरं ओरडली. शेठनी धावत येऊन अंकुशचा हात वर केला. अंकुशच्या दुसऱ्या हातात भडंग तशीच होती. तो स्क्रीनकडं बघत होता, आणि चेहरा असा झाला होता जणू कुणी त्याला घरातून बाहेर काढलं आहे. "हे... कसं काय?" तो पुटपुटला. आनंदानं भांबावलाय, असं क्रांतीला वाटलं. ती सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या वाजवत होती. टाळ्या वाजवल्या की डोळ्यांत आलेलं पाणी लोकांना आनंदाचं वाटतं.

गर्दी पांगल्यावर अंकुशनं तिच्या मशीनवर कोड उघडला. खाली-वर केला. एका ठिकाणी थांबला. मग तिच्याकडं बघितलं. आणि उठून गेला.

त्यानंतरचे तीन आठवडे तो तिच्याशी बोललाच नाही. ती समोर आली की चुकवून जायचा. डब्याच्या वेळी बाहेर जायचा. तिचा कीबोर्ड मात्र सकाळी पुसलेला असायचा.

क्रांतीला आधी वाईट वाटलं, मग राग आला. एका मुलीनं चूक सुधारली म्हणून एवढा फुगवा? असला कसला अभिमान? "जा मग मस्कतला, बस उंटावर," ती कीबोर्डला म्हणाली. तीन आठवडे. एकवीस दिवस त्या दोघांनी असे घालवले, शेजारशेजारच्या खुर्च्यांवर, एकमेकांकडं पाठ करून. पुढं क्रांतीला सगळ्यात जास्त हेच एकवीस दिवस आठवायचे.

निघायच्या दिवशी दुपारी ऑफिससमोर सुमो उभी राहिली. शेठनी स्वतः हार आणला होता. संघातली पोरं विमान बघायचं म्हणून आधीच आत जाऊन बसली होती. आठ जण. सामान टपावर गेलं. अंकुशला पुढची सीट ठेवली, त्याच्या शेजारी शेठ. धर्मराजांना जागा उरली नाही, आणि ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. ते म्हणाले, "मी कशाला? हितूनच बघतो," आणि गिरणीच्या ओट्यावर जाऊन उभे राहिले.

अंकुश सुमोत बसायला गेला. थांबला. हार काढून बॉनेटवर ठेवला आणि सरळ क्रांतीकडं चालत आला.

"ती ओळ तू वर नेलीस ना?"

"हो नेली! चूक होती ती. एवढं काय त्याचं..."

"चूक नव्हती."

"दहा हजार वेळा दार उघडत होतास तू."

"मुद्दाम."

गिरणी चालू होती. क्रांतीला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"घरी नाही म्हणता येत नव्हतं," अंकुश म्हणाला. तो भरभर बोलत होता, जणू मागून कुणीतरी त्याला ढकलत होतं. "बाबांच्या तोंडावर... नाही म्हणताच येत नव्हतं. पण हरता येत होतं. हरलो असतो तर कुणाचाच दोष नसता. तीन दिवस विचार करून ती ओळ आत घातली मी. तू चालवून बघू नकोस म्हणून सांगितलं पण होतं!"

क्रांतीला हसू फुटलं. खरंच फुटलं. ती तोंडावर ओढणी धरून हसत राहिली, आणि मग ते हसू मधेच कुठंतरी मोडलं.

"एवढं डोकं लावलंस... आणि मला सांगायला काय झालं होतं रे?"

"सांगणार होतो. हरल्यावर. शनिवारी संध्याकाळी." त्यानं चष्मा काढला, पुसला, तसाच हातात ठेवला. "काय काय बोलायचं ते कागदावर लिहून आणलं होतं."

"कुठाय कागद?"

"फाडला."

"मग तोंडानं सांग आता."

"क्रांती, मला..." त्यानं श्वास घेतला. "मला तुझ्याशिवाय कुठंच जायचं नव्हतं. मला तू... आवडतेस म्हणणं फार कमी होईल. टेबलाखालीच ठरलं होतं माझं."

सुमोचा हॉर्न वाजला. पोरं "चला, चला" ओरडत होती.

"आधी सांगितलं असतंस..." क्रांती म्हणाली, आणि थांबली. कारण तिला खोटं बोलायचं नव्हतं. ओट्यावर धर्मराज उन्हात उभे होते. अंकुशनं सामानात घेतला नाही तर म्हणून स्वेटर हातातच धरून आणला होता. "आधी सांगितलं असतंस, तरी मी ती ओळ वर नेली असती."

अंकुशनं तिच्या नजरेच्या मागं मान वळवली. वडिलांना बघितलं. बराच वेळ बघितलं. मग नुसती मान हलवली, आणि त्या हलवण्यात रुसवा नव्हता.

"वाट बघशील?"

"जा आता. शेठ येतील शिट्टी घेऊन." आणि तो वळल्यावर, इतक्या हळू की गिरणीनंही ऐकलं नसेल, "बघीन," म्हणाली.

आता पुढचं इथंच सांगून टाकावं. ज्या आरडीओसाठी अंकुश गेला ते आरडीओ दीड वर्षात मागं पडलं. फॅक्समधलं ते तिसरं आलं, आणि सगळं परत लिहायला लागलं. ते लिहायला तिकडं अंकुशशिवाय कुणी नव्हतं, म्हणून दोन वर्षांची चार झाली. चाराची बारा झाली. पहिल्या वर्षी बावीस पत्रं आली, दुसऱ्या वर्षी नऊ. तिसऱ्या वर्षीच्या पत्रात फक्त हवामान होतं. क्रांतीनं पाच वर्षं वाट बघितली, आणि ही काही थोडीथोडकी गोष्ट नाही. तो परत आला तेव्हा तिची मुलगी पाटी-पेन्सिल घेऊन शाळेत जायला लागली होती.

पण त्या दुपारी यातलं कुणालाच काही ठाऊक नव्हतं. सुमो धूळ उडवत वळणावरून गेली, आणि धर्मराज ओट्यावरून खाली उतरले. त्यांनी खिडकीतून स्वेटर आत दिला होता. हात रिकामे झाल्यावर ते कुठं ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं.

"स्टॉपपर्यंत मी येते, काका," क्रांती म्हणाली. "मलाही त्याच बसनं जायचंय."

बसमध्ये दोघं शेजारी बसले. तिनं दोन तिकिटं काढली. खिडकीतून खारट वारा येत होता, अर्धवट बिल्डिंगा मागं पडत होत्या.

"तुझं नाव काय म्हनलीस, पोरी?"

"क्रांती."

"अंकुश कधी बोलला नाही."

"तो बोलत नाही हो काका."

"लहानपनापासून तसाच." धर्मराज हसले. "काय पाहिजे ते तोंडानं कधी मागितलं नाही त्यानं. आपनच वळखून घ्यायचं. मला बरोबर कळतं त्याला काय हवं आसतं. ह्या मस्कतचंच बघ ना. एक दिवस म्हनाला नाही, मला जायचंय म्हनून. पन मी वळखलं."

क्रांतीनं खिडकीकडं तोंड वळवलं. पण खिडकी लहान होती आणि रडू मोठं होतं. कंडक्टरनं बघितलं, समोरच्या बाईनं मागं वळून बघितलं. धर्मराज गोंधळले. त्यांनी खिशातून घडीचा रुमाल काढला, तिच्या हातावर ठेवला, आणि पोरीची जात किती मायाळू असते, सोबत काम करणाऱ्यासाठी एवढं, असं वाटून त्यांनी स्वतःचेही डोळे बाहीनं पुसले.

"येडी का काय तू," ते तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले. "रडतीस काय? दोनच तर वर्सं हायेत."